ओळखणारं माणूस

तिथला नियम असा की खुर्चीत बसणाऱ्याच्या शेजारी त्याला जवळून ओळखणारं एक माणूस बसवायचं. दवाखान्यात त्याला 'ओळखणारं माणूस' असंच म्हणतात. डोक्यात तारा घातलेल्या पेशंटचा करंट कमीजास्त करताना हात थांबला की नाही ते डोळ्यांना दिसतं, पाऊल नीट पडतं की नाही तेही दिसतं. पण आतला माणूस तोच राहिला का, हे पेशंटला स्वतःला सांगता येत नाही. त्याला वाटतं मी होतो तसाच आहे. म्हणून शेजारची खुर्ची, आणि करंट हलवला की दर वेळी त्या खुर्चीला एकच प्रश्न:

"हे तेच आहेत का?"

आमच्याकडे ती खुर्ची माझी होती.

माझा नवरा कवळ्या बनवतो. खाली दुकान, दुकानामागे कामाची खोली, वर आम्ही दोघं. गल्लीत सगळे त्याला दातवाले म्हणतात आणि मला दातवालीण, माझे सगळे दात माझे असून. तो मेणात दात बसवतो, मी घासून चकाकी आणते. कंपवात झाला तसा त्याचा उजवा हात मांडीवर फडफडायला लागला. मेणात दात तिरका बसायचा, तो काढून पुन्हा बसवताना शेजारचा निघायचा. शेवटी शेवटी तो नुसता बसून राहायचा, माझ्याकडे बघत.

तर पहिली बैठक.

करंट लावणारी बाई तरुण होती, तिच्या हातात पाटीएवढा टॅबलेट. नवऱ्याने तिचं नाव बटणवाली ठेवलं होतं आणि ते तिला तोंडावर सांगितलंही होतं. ती एकेक पायरी चढवत गेली. हात मंदावला. मग थांबला. झोपेत सोडून तो हात थांबलेला मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

"हे तेच आहेत का?"

"हो. पण जरा गप्प आहेत."

गप्प तर तो आजारात होताच. या आजारात चेहराही गोठतो, हसू आत अडकून बसतं. मी तेवढ्यावर समाधान मानायला हवं होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. बटणवालीने आणखी एक पायरी चढवली. नवऱ्याने मान वर केली, छताकडे पाहिलं, खोलीभर पाहिलं.

"बटणवालीबाई," तो म्हणाला, "आता स्टेशन बरोबर लागलं बघा. खरखर गेली."

आणि हसला. खांदे हलवून, लग्नाच्या पहिल्या वर्षात हसायचा तसा. मी इतकी तहानलेली होते त्या हसण्याची, की मला हसू आलं आणि रडूही, आणि नाकातून काहीतरी विचित्र आवाज निघाला, त्यावर तो अजूनच हसला.

"हेच ते," मी म्हणाले. "इथेच ठेवा."

*

त्याच्या आधी. ऑपरेशनच्या आदला आठवडा, आमचं स्वयंपाकघर. त्याने कप दोन्ही हातांनी धरलेला, तरी चहा बशीत, बशीतून टेबलावर.

"डॉक्टर म्हणाले, कधी कधी स्वभाव बदलतो," तो म्हणाला.

"बदलू दे. माझा नाही का बदलला? आधी मी किती गोड होते."

"ऐक ना. मी बदललो तर करंट उतरवून तू मला खाली आण. मी नको म्हणालो तरी."

"तू नको म्हणालास तर मी कसं आणू?"

"मी नाही म्हणणार नको. तो म्हणेल. त्याचं ऐकू नकोस."

"तो कोण?"

"जो नको म्हणेल तो."

"वा. म्हणजे तुझ्याविरुद्धच्या भांडणात मी तुझ्या बाजूने."

"हो. शपथ घे."

"कुणाची?"

"तुझ्या आईच्या कवळीची."

माझ्या आईची कवळी ही त्याची पहिली कवळी. तेव्हा तो दुसऱ्याच्या हाताखाली शिकत होता आणि मी आईला घेऊन फेऱ्या मारत होते. पुढचा एक दात त्याने मुद्दाम किंचित वाकडा बसवला होता, आईचा मूळचा होता तसा. आई आरशात बघून म्हणाली होती, "हा मुलगा बघतो नीट."

मी शपथ घेतली.

*

सकाळ.

तो पलंगाच्या कडेला बसून माझी वाट बघतो. मी शर्टाची बटणं लावते. त्याचा श्वास माझ्या केसांत. प्रत्येक बटणाला तो "सॉरी" म्हणतो. मी म्हणते, गप रे. शेवटच्या बटणाला म्हणतो, "संपली का?" जणू अजून चार हवी होती.

सकाळ.

मी उठते तेव्हा पलंग रिकामा. खालून शिट्टी. कप धुऊन पालथा घातलेला. शर्ट घालून, बटणं लावून, माणूस कामाला.

ही दुसरी सकाळ आली तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटले. बटणं लावायला कुणी लागत नाही ही आनंदाचीच गोष्ट आहे. मी ती आनंदाने, आणि पुन्हा पुन्हा, स्वतःला सांगितली.

मला वाटलं होतं आता दात वाईट होतील. म्हणजे मन लावून केलेले नसतील, तर कुठेतरी कळेल. तसं काही झालं नाही. इतके सुंदर दात त्याने आधी कधी बनवले नव्हते. फक्त तो माझ्याकडे बघायचा ते एखाद्या उघडलेल्या तोंडात बघावं तसं. काय आहे, काय नाही, बघून घेतलं, झालं. जेवताना विचारलं की उत्तर द्यायचा. नीट, पूर्ण उत्तर. चिडायचा नाही. मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त घातलं एकदा. पाणी प्यायला आणि ताट धुऊन ठेवलं.

*

दुपार होती. गल्लीतले म्हातारे मास्तर नवी कवळी लावून बघायला आले होते. तोंडात मेणाची कवळी असताना माणसाला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावायचं ही माझ्या नवऱ्याची पद्धत. त्यात स इतके येतात की दात कुठे पुढेमागे बसलाय ते लगेच कळतं.

"शाठ," मास्तर म्हणाले. "एकशष्ट."

"जीभ मोकळी सोडा मास्तर. पुन्हा."

"साठ. एकसष्ट."

"मी पुढच्या महिन्यात जातोय," नवरा म्हणाला. मास्तरांच्या तोंडात बघत, पण मला.

"कुठे?"

"समुद्राकडे. तिथे एक दुकान बघून ठेवलंय."

"आणि इथलं? आपण जायचं म्हटलं तर आधी..."

"आपण नाही. मी."

मास्तर त्रेसष्टला थांबले.

"थांबू नका मास्तर, स छान येतोय."

"चौसष्ट," मास्तर अगदी हळू म्हणाले.

मी मास्तरांसमोरच विचारलं. "माझं काय चुकलं?"

"काहीच नाही." त्याने मेणाचा एक कण सुरीने उडवला. "मला तुझ्याबद्दल काही वाटत नाही. राग नाही, कंटाळाही नाही. मी शोधलं बरं का. दात पडला की तिथे जीभ जाते ना आपली, तशी पुन्हा पुन्हा नेऊन बघितली. दुखत पण नाही."

"दुसरी कुणी आहे?"

"असती तर तुला बरं वाटलं असतं ना?"

"हो."

"नाहीये."

"पासष्ट," मास्तर.

"तू मला शपथ घातली होतीस. बदललास तर खाली आणायची."

"घातली होती. घाबरलेला माणूस काय वाटेल त्या शपथा घालतो. त्याचा करार मी का पाळू?"

"तो तूच होतास!"

"तुला काय वाटतं, तेव्हा मी ठरवत होतो? डोक्यातलं एक रसायन आटलं होतं, ते ठरवत होतं."

"आणि आता करंट ठरवतोय."

"बरोबर!" तो खरंच खूश झाला, मी काहीतरी हुशारीचं बोलले म्हणून. "म्हणजे दोन्हीकडे सारखंच. मग ज्यात हात चालतो ते मी का घेऊ नये?"

मास्तरांनी उगाच घसा खाकरला.

"सत्तर झाले," ते म्हणाले. "मी जाऊ का?"

*

मी ठरवलं की जाऊ द्यायचं.

मी ठरवलं की जाऊ द्यायचं नाही.

ही दोन्ही मी एकच पातेलं घासताना ठरवली.

मी ठरवलं की शपथ ती शपथ. मी ठरवलं की त्याच्याशी बोलायचंच नाही, आणि जिन्यातून ओरडून विचारलं, पोळ्या किती करू. मी ठरवलं की

*

नणंद आली. तिला मी ताई म्हणते, गल्ली पण ताईच म्हणते. शिवणकाम करते, येताना दोऱ्याचे तुकडे अंगावर घेऊन येते. आधी खाली गेली, भावाशी तासभर गप्पा मारल्या, दोघं खदाखदा हसले. मग वर आली ती डोळे पुसत.

"माझा भाऊ परत आला गं," म्हणाली.

"ताई, तो घर सोडून चाललाय."

"मग? तेच तर म्हणतेय. तो असाच होता! शाळेत असताना किती वेळा पळाला. एकदा बोटीत जाऊन बसला, बोट सुटायच्या आत आईने कान धरून उतरवला. कुणाचं म्हणून त्याला काही नव्हतं. बाबा दवाखान्यात असताना हा दारातून शिट्टी वाजवत गेला होता. आम्ही म्हणायचो, याला हृदयाच्या जागी भोवरा बसवलाय."

"मला कधी सांगितलं नाहीत हे."

"सांगून काय करायचं होतं? तुझं लग्न मोडायचं होतं? आणि मग तू आलीस आणि काय जादू केलीस बाई. बघता बघता घरकोंबडा. संध्याकाळ झाली की तू कुठे, तू कुठे. आई शेवटपर्यंत सांगायची सगळ्यांना, सुनेच्या हाताला गुण आहे."

मला ते माहीत होतं. सासूबाई गेल्या तेव्हाही माझ्या हातावर हात ठेवून तेच म्हणाल्या होत्या. आयुष्यात मी मोठं असं काही केलं नाही, पण हे एक माझ्या नावावर होतं. एका भटक्या माणसाला मी घरात राहावंसं वाटायला लावलं.

"ताई," मी म्हणाले. म्हणायला नको होतं, पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं. "डॉक्टर म्हणतात, हात हलायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी आत सुरू झालेलं असतं. माणूस आधी जरा शांत होतो. नवीन काही नको वाटतं. घर बरं वाटतं."

"किती वर्षं आधी?"

"ते कुणालाच सांगता येत नाही. कधी खूपच आधी."

ताईचे ओठ हलायला लागले. ती मागे मागे मोजत होती, आणि कुठे पोचली ते मला कळलं, कारण मीही तिथेच उभी होते.

"म्हणजे तुमचं लग्न..."

"चहा टाकू?" मी म्हणाले.

"टाक," ताई म्हणाली. "साखर जास्त घाल." मग ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि मला तो हात झटकावासा वाटत होता.

*

मोठे डॉक्टर खरंच मोठे आहेत, खुर्चीत मावत नाहीत. मी त्यांना सरळ विचारलं.

"त्यांनी माझ्याशी लग्न स्वतः केलं, की आजाराने केलं?"

"असं वेगळं नाही काढता येत हो."

"तुम्ही डोक्यात तारा घालता आणि एवढं वेगळं काढता येत नाही?"

ते हसले, मग हसू आवरलं. "हे बघा. तुम्ही हात उचलता. उचलायचं ठरवलं असं तुम्हाला वाटतं, त्याच्या जरा आधीच मेंदूत उचलायची तयारी सुरू झालेली दिसते. यावरून काही लोक म्हणतात, आत ठरवणारं कुणी नाहीच, आपल्याला नुसती बातमी मिळते. काही म्हणतात, ती फक्त तयारी. ऐन वेळी थांबवणं आपल्याकडे असतं. तिसरे म्हणतात, तुमचा मेंदू ठरवतो म्हणजे तुम्हीच ठरवता, दुसरं कोण आहे तिथे? आमच्यात यावरून चांगली जुंपते."

"तुम्ही कुठल्या बाजूचे?"

"वाचत बसलो की पहिल्या. पेशंट समोर आला की मला जमत नाही ते. ऑपरेशन करू का, असं विचारावं लागतं ना त्याला. तिथे कुणी नाही असं धरून चाललं तर विचारू कुणाला?"

मग त्यांनी दवाखान्याची रीत सांगितली. करंटबद्दल पेशंट आणि ओळखणारं माणूस यांचं जमत नसेल, तर पेशंटला खाली आणून तिथून विचारतात. तो खाली राहतो म्हणाला तर खाली. वर न्या म्हणाला तर वर. पण ते बोलणं त्याचंच आहे, असं ओळखणाऱ्या माणसाने म्हणायला हवं.

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर आम्ही त्यांचं बोलणं धरत नाही. खालीच ठेवतो. काही महिन्यांनी पुन्हा विचारतो, पुन्हा तुम्हालाही विचारतो."

"ते तयार होतील याला?"

"झाले की. मी फोन केला होता. म्हणाले, करा, बघू तरी तो काय म्हणतो."

तो.

मी जिना उतरले ते जवळजवळ नाचत. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. शपथ पाळायची होती, ती त्यानेच घातलेली, म्हणजे पापही लागणार नव्हतं.

*

बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि मी मागच्या सीटवर. शेजारची जागा रिकामी होती.

बटणवालीने करंट उतरवायला सुरुवात केली. हात लगेच आला. सोडून गेलेला भाडेकरू सामानासकट परत यावा तसा, मांडीवर.

"हात आधी येतो," बटणवाली मला म्हणाली. "बाकीचं उशिरा. चहा मागवू?"

चहा आला. निवला. नवरा भिंतीवरचं मेंदूचं चित्र बघत बसला होता, पाय हलवत. मग पाय हलायचे थांबले. खांदे पुढे आले. चेहऱ्यावरून कुणीतरी ओला हात फिरवून सगळं सपाट करावं तसं झालं, आणि मला, देवा, इतका आनंद झाला. तो गोठलेला चेहरा बघून मला आनंद झाला.

त्याचा डावा हात खुर्चीच्या कडेवरून काहीतरी शोधत होता. मी माझा पुढे केला.

"अगं," तो म्हणाला. "किती वाळलीस तू."

मी त्याच्या हातावर माझा दुसराही ठेवला.

"माझ्यामुळे."

"मग काय शेजाऱ्यांमुळे?"

तो हसला. चेहरा हलला नाही, पण हसला, मला कळलं.

"मास्तरांसमोर बोललो मी तुला."

"मास्तरांनी कवळी नेली. बायकोला म्हणे दिवसभर आकडे मोजून दाखवतात."

"सगळं आठवतं मला. लाज वाटते. तू भाजीत मीठ टाकलंस तेही कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलण्याइतकं काही वाटलं नाही." तो थांबला. हात जोरात हलत होता, सगळी खुर्ची त्याच्याबरोबर. "तिथून तू नीट दिसतेस. सगळीच्या सगळी दिसतेस. माझी दिसत नाहीस एवढंच."

बटणवाली जवळ स्टूल घेऊन बसली. तिने ठरलेला प्रश्न ठरलेल्या आवाजात विचारला. इथे राहायचंय का, की पुन्हा वर जायचंय?

तो माझ्याकडे वळला. "तू सांग."

"मी नाही सांगणार."

"एवढं पण नाही?"

"कुठला शर्ट घालायचा ते आजवर मी सांगितलं. हे नाही."

आम्ही तिघंही त्याच्या हाताकडे बघत राहिलो.

"ताई माझ्याशी बोलली," तो म्हणाला. "लग्नाच्या वेळचं. तुला पण माहीत आहे ना?"

"हो."

"मी आत्ता तुझा हात धरून बसलोय. आवडतेस म्हणून धरलाय, की पडेन म्हणून? भिंत धरतो मी, तसा तर नाही ना?"

"भिंतीला कुणी किती वाळलीस म्हणत नाही."

"नाही म्हणत." पुन्हा ते न दिसणारं हसू. "मला इथेच राहायचंय. तुझ्यापाशी. जीव तुटतो नुसता. आणि तरी मी सांगतो, मला वर ने."

"का?"

"ऐक. रागावू नकोस. राहतो म्हणालो तर ते कोण म्हणालं ते कधीच कळणार नाही. मी, की ही भीती, की हा आजार. तुला पण नाही कळणार. रात्रंदिवस माझ्या तोंडाकडे बघत बसशील, कोण आहे कोण आहे करत. पण जातो म्हणायला मला इथे कोण सांगतंय? भीती सांगत नाही. आजार सांगत नाही. तू तर नाहीच. माझं मन पण सांगत नाही. सगळी नको म्हणतात. आणि तरी मी म्हणतोय. मग हे एक तरी माझं असेल की नाही?"

"तेवढ्यासाठी मला टाकणार?"

"हो."

"हा शुद्ध गाढवपणा आहे."

"असेल. पण माझा आहे गं."

"आणि वर गेल्यावर तुला याचं काहीच वाटणार नाही."

"नाही वाटणार," तो म्हणाला. "म्हणून आत्ता वाटून घेतोय."

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्याला पुसता येत नव्हतं. मी पुसलं. बटणवालीने टॅबलेट छातीशी धरला होता, तिची नजर माझ्यावर.

"हे तेच आहेत का?"

'न' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. कवळीवाल्याच्या बायकोला हे माहीत असतं. माझी जीभ टेकलेली होती. म्हणजे तयारी झालेली होती. श्वास भरलेला होता. पुढे फक्त सोडायचा होता.

तो माझ्याकडे बघत नव्हता. मला अवघड जाऊ नये म्हणून त्याने मान वळवली होती आणि भिंतीवरचा मेंदू वाचत असल्याचं नाटक करत होता. इतकं वाईट नाटक. माझ्या वडिलांसमोर लग्नाचं विचारायला आला होता तेव्हाही असाच कॅलेंडर वाचत उभा होता.

"हो," मी म्हणाले. "हेच ते."

*

मी असं का म्हणाले?

ते खरं होतं म्हणून.

त्याने मान वळवली म्हणून. वळवली नसती तर नाही म्हणाले असते.

लहानपणी खोटं बोलले की आई जेवायला द्यायची नाही म्हणून.

त्या सकाळी काही खाल्लं नव्हतं, थकले होते, आणि थकलेल्या माणसाला हो म्हणणं सोपं जातं म्हणून.

मला म्हणायचं होतं म्हणून.

यातलं एक निवडायला सांगितलं तर मी शेवटचं निवडेन. पण ते का निवडेन, असं कुणी विचारू नये.

*

वर नेताना त्याने माझा हात सोडला नाही. उलट घट्ट धरला, आणि भराभर बोलायला लागला, गाडी सुटताना बोलतात तसं.

"मागच्या खोलीतला नळ गळतोय, नळवाल्याला बोलाव. मेण पांढरं घेऊ नकोस, गुलाबीच घे. तुझी औषधं घेत जा. जिन्यात दिवा लाव."

"हो."

"अजून आहे मी."

"हो रे."

"तुझी आई बरोबर म्हणाली होती का गं? की मी नीट बघतो?"

"हो. बरोबर म्हणाली होती."

"अजून आहे. हे बघ, अजून..."

हात थांबला. त्याचा, माझ्या हातात. बटणवाली एकेक पायरी चढवत होती. पंख्याचा आवाज येत होता. तो आता बोलायचा थांबला होता, पण हात तसाच घट्ट, आणि मी बघत होते, कुठल्या क्षणी, कुठल्या क्षणी. तसा क्षण काही दिसला नाही. नंतर कधीतरी त्याने आमच्या दोन हातांकडे पाहिलं, जरा आश्चर्याने, आणि आपला काढून घेतला. हळूच. तोंडातून साचा काढताना समोरच्याला लागू नये म्हणून काढतो, तितक्या हळू.

"झालं?" त्याने बटणवालीला विचारलं.

"झालं."

"छान." तो उठला, खांदे मोकळे केले. मला म्हणाला, "थँक यू हं. तुला अवघड गेलं असणार." ते त्याने मनापासून म्हटलं. मग बटणवालीला, "पुढच्या वेळी ओळखायला ताई येईल. हिला कशाला उगाच त्रास."

बटणवालीने माझ्याकडे पाहिलं आणि टॅबलेटवर नाव बदललं.

तो जिना धडाधड उतरत गेला. त्याला दुकानाचा माल बघायला जायचं होतं.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर नवऱ्याचा स्वेटर. तिने सरकून मला जागा दिली.

"तुमचं चांगलं झालं वाटतं," ती म्हणाली. "आत्ता गेले ते तुमचेच ना? किती झपझप गेले."

"हो."

"आमची पहिलीच वेळ. मला फार भीती वाटतेय. काय काय विचारतात हो आत?"

"फार काही नाही."

"अवघड नसतं ना?"

"नाही," मी म्हणाले. एवढं सहज आलं ते.

तिला आत बोलावलं. ती गेली. घाईत तो स्वेटर बाकावर राहिला, पुन्हा येऊन घेऊन गेली.

मी उठायचं ठरवलं. उठले नाही. बस सुटेल, असं स्वतःला सांगून पुन्हा ठरवलं.